आहे त्याच घरात गरमी-थंडी कमी करायची आणि बिलही : आधी कशाला हात घालायचा?

गच्चीखाली

नमस्कार मंडळी. ऊर्जाबचतीवर काहीही वाचायला घेतलं की सगळं नव्या घरांबद्दल असतं, प्लॉट कसा निवडायचा, खिडक्या कुठल्या दिशेला ठेवायच्या, भिंती कशाच्या बांधायच्या वगैरे. पण आपण राहतो ती घरं बांधून झालीयेत, आणि अजून कित्येक वर्षं लोक त्यातच राहणारेत. म्हणून हा धागा फक्त आहे त्या घरात काय करता येईल यासाठी.

आमचं घर सगळ्यात वरच्या मजल्यावर, वर सपाट स्लॅब, खिडक्या एका काचेच्या, पश्चिमेला मोठी उघडी भिंत. उन्हाळ्यात दुपारपेक्षा रात्री जास्त त्रास होतो, बाहेर हवा गार झालेली असते आणि आत छत आग ओकत असतं. थंडीत उलटं, पहाटे सगळं बर्फ. सल्ले विचारले तर एक म्हणतो नवा इन्व्हर्टर एसी घ्या, दुसरा म्हणतो सगळ्या खिडक्या डबल ग्लास करा, तिसरा म्हणतो सोलर लावा आणि विसरून जा. प्रत्येकाचं ऐकलं तर घर विकावं लागेल. मला क्रम हवाय, काय आधी, काय नंतर आणि काय अजिबात नको. ज्यांनी केलंय किंवा ज्यांचा हा व्यवसाय आहे त्यांनी प्लीज सविस्तर लिहा.

कवडसा

चांगला धागा काढलात. मी घरांच्या दुरुस्तीचीच कामं करते त्यामुळे यावर जरा लांब लिहिणार आहे.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच वाक्यात आहे, रात्री छत तापलेलं असतं. काँक्रीट उष्णता साठवून ठेवतं. दिवसभर ऊन खाल्लेला स्लॅब ती उष्णता चार-पाच तासांनी खालच्या बाजूला पोचवतो, म्हणजे सूर्य मावळायच्या सुमाराला तुमच्या डोक्यावर हीटर सुरू होतो. सपाट छतावर उन्हाळ्यात सकाळपासून संध्याकाळपर्यंत ऊन असतं, भिंतीवर फक्त काही तास. त्यामुळे वरच्या मजल्याला पहिलं काम छत, यात माझ्या मनात काही शंका नाही.

छताचे दोन भाग. एक, ऊन परत पाठवणं. गडद छत सूर्याची जवळजवळ सगळी उष्णता पिऊन घेतं, ताजा चांगला पांढरा थर ७०-८० टक्के परत पाठवतो. यात खर्च सगळ्यात कमी आणि फरक पहिल्याच दिवशी हाताला कळतो. पण पांढरं छत धूळ बसून मळतं आणि मळलं की काम कमी करतं, तेव्हा धुवायची तयारी हवी. चकचकीत पत्रा आणि पांढरा रंग यातही फरक आहे बरं का, उघडा धातू ऊन परावर्तित करतो पण स्वतःची उष्णता आकाशाकडे सोडायला फार कंजूष असतो त्यामुळे तो तापतोच. पांढरा रंग दोन्ही कामं करतो.

दोन, इन्सुलेशन, म्हणजे उष्णता अडवणारा थर. थर्माकोलसारख्या फोमचा ५ सेंटीमीटरचा थर उष्णतेला जेवढा अडवतो तेवढं अडवायला साध्या काँक्रीटची जाडी दोन मीटरच्या आसपास लागेल. १५ सेंटीमीटरच्या उघड्या स्लॅबवर हा थर टाकला की आत येणारी उष्णता पाचव्या-सहाव्या हिश्श्यावर येते. दुसरे ५ सेंटीमीटर टाकले तर त्या उरलेल्यातलं अजून निम्मं जातं, म्हणजे फायदा आहे पण पहिल्या थराइतका नाही. थंड प्रदेशात २०-३० सेंटीमीटरसुद्धा टाकतात कारण तिथे आत-बाहेरचा फरक मोठा असतो आणि महिनोन्महिने टिकतो.

आणि शक्यतो स्लॅबच्या वरून टाका, खालून नाही. वरून टाकलं की स्लॅब उन्हातून बाहेर पडतो, त्याचं रोजचं तापणं-गार होणं थांबतं, तडे कमी जातात आणि वॉटरप्रूफिंगचं आयुष्यपण वाढतं. खालून फॉल्स सीलिंगमध्ये टाकलं तर खोलीला फायदा होतो पण स्लॅब वर भाजतच राहतो.

भिंगरी

पण सोलर आधी का नको? सरळ गणित आहे, वीज फुकट झाली की एसी कितीही चालवा. छत फोडा, बोर्ड टाका हा उपद्व्याप कशाला?

कवडसा

भिंगरी, सोलर लावाच, मी विरोधात नाहीये. पण क्रम उलटा झाला की दोन्हीकडे जास्त घ्यावं लागतं. आजच्या तापलेल्या घराच्या हिशोबाने एसी घेतला आणि त्या एसीच्या हिशोबाने पॅनल घेतले, नंतर छत केलं, तर दोन्ही गरजेपेक्षा मोठे होऊन बसतात. पॅनल जास्त असले तर एक वेळ चालतं पण मोठा एसी नुसता जास्त वीज खातो असं नाही, तो खोली पटकन गार करून बंद पडतो आणि हवेतला दमटपणा काढायला त्याला वेळच मिळत नाही. मग खोली गार पण चिकट, आणि माणसं अजून दोन डिग्री खाली लावतात.

आणि तुम्ही रात्रीचं विसरताय. छताचा त्रास रात्री आहे, पॅनल दिवसा चालतात.

बाकी पॅनलची सावली छतावर पडते हा एक फायदा मात्र खरा आहे. पॅनल आणि छत यात हात जाईल एवढी वारा खेळती जागा ठेवा.

आडोसा

छताबद्दल कवडसाशी सहमत. मी खिडक्यांवर लिहितो कारण तिथे लोकांचे सगळ्यात जास्त पैसे वाया जातात असं माझं ठाम मत झालंय.

खिडकीतून उष्णता दोन वाटांनी येते. एक म्हणजे आत-बाहेरच्या तापमानातल्या फरकामुळे काचेतून झिरपते, आणि दुसरी म्हणजे थेट ऊन. काच किती उष्णता झिरपू देते त्या आकड्याला यू-व्हॅल्यू म्हणतात. एका काचेचा यू-व्हॅल्यू ५.७ च्या आसपास, साध्या डबल ग्लासचा २.८, लो-ई कोटिंग (काचेवरचा उष्णता परतवणारा पातळ थर) आणि मध्ये आर्गॉन वायू असेल तर १.१ ते १.३ पर्यंत खाली, तीन काचा असतील तर ०.८ किंवा त्याहून कमी. आकडा जेवढा लहान तेवढं झिरपणं कमी. थंड प्रदेशात हा आकडा म्हणजे सर्वस्व आहे, कारण आत २० आणि बाहेर शून्य.

पण उष्ण प्रदेशात आत २६ आणि बाहेर ३८ असेल तर फरक १२ चाच आहे, तिथे खरा मारा उन्हाचा असतो. साध्या पारदर्शक काचेवर पडलेल्या उन्हातलं तीन चतुर्थांशाहून जास्त आत येतं, आणि साधी पारदर्शक डबल ग्लास केली तरी त्यातलं थोडंच कमी होतं. म्हणजे पश्चिमेच्या खिडकीला सावली न करता डबल ग्लास बसवली तर मोठा खर्च करून छोटं काम झालं.

सावली बाहेरून हवी. हे मी पुन्हा पुन्हा सांगत असतो. आतला पडदा ऊन अडवतो पण तोपर्यंत ऊन काचेच्या आत आलेलं असतं, पडदा तापतो आणि ती उष्णता खोलीतच राहते. छत्री डोक्यावर धरायची असते, शर्टाच्या आत नाही. बाहेरून चटई, बांबूची चीक, लुव्हर, शटर, वेल, काहीही चालेल. विषुववृत्ताच्या बाजूच्या खिडकीला वर आडवं छज्जं पुरतं कारण तिथे ऊन उंचावरून येतं. पूर्व-पश्चिमेला ऊन तिरपं, खालून येतं, तिथे छज्जाचा उपयोग नाही, उभ्या पट्ट्या किंवा खाली सोडता येणारा आडोसा लागतो. आणि हलवता येणारा असला तर थंडीत वर घेऊन तेच ऊन फुकटात आत घेता येतं.

गच्चीखाली, तुमच्या पश्चिमेच्या भिंतीलापण हेच लागू. भिंतीपासून थोडं अंतर सोडून जाळीवर वेल चढवला किंवा हलकी पट्ट्यांची दुसरी कातडी केली की भिंतीवर ऊनच पडत नाही आणि मधली गरम हवा वर निघून जाते.

भाड्याचं_घर

आमच्यासारख्यांनी काय करायचं? भिंतीला खिळा ठोकायचा तरी मालकाला विचारावं लागतं.

आडोसा

खिडकीच्या चौकटीत अडकवता येणारा बाहेरचा पडदा, दाराखाली ब्रशची पट्टी, खिडकीच्या फटींना चिकटवायची फोमची पट्टी, जुन्या पंख्याऐवजी बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा जो घर सोडताना काढून नेता येतो. थंडी असेल तर जाड, जमिनीपर्यंत पोचणारे आणि बाजूंनी भिंतीला टेकणारे पडदे. यातलं काहीच कायमचं नाही आणि फरक बऱ्यापैकी पडतो.

धुकं

मी थंड देशात राहते, इथला अनुभव वेगळा आहे म्हणून लिहिते. इथे जुन्या घरात सगळ्यात पहिला शत्रू म्हणजे फटी. भिंत कितीही जाड असूदे, दाराखालून, खिडकीच्या चौकटीभोवतीने, पोटमाळ्याच्या झाकणातून, पाइप जातात त्या भोकांतून गरम हवा निघून जाते. गरम हवा वर चढते, वरच्या फटींतून बाहेर पडते आणि खालच्या फटींतून तेवढीच गार हवा आत ओढली जाते. त्यामुळे वरच्या फटी आधी बुजवायच्या, लोक नेमकं उलटं करतात कारण झोत पायाला लागतो.

यावर जुनं आणि फार छान काम झालंय. १९७० च्या दशकात अमेरिकेत न्यू जर्सीमध्ये ट्विन रिव्हर्स नावाच्या वसाहतीत प्रिन्स्टन विद्यापीठाच्या लोकांनी राहती घरं तपासली. त्यांना दोन गोष्टी सापडल्या. एक, पोटमाळ्यावर इन्सुलेशन असूनही उष्णता हिशोबापेक्षा खूप जास्त जात होती कारण भिंतींच्या पोकळ्यांतून गरम हवा इन्सुलेशनला वळसा घालून थेट माळ्यावर पोचत होती. दुसरी तर अजून भारी, अगदी सारख्याच बांधणीच्या घरांत ऊर्जेचा वापर दुपटीने वेगळा निघाला, फरक फक्त राहणाऱ्या माणसांचा. म्हणजे घर सुधारताना सवयींकडेपण बघावंच लागतं.

फटी शोधायला ब्लोअर डोअर टेस्ट करतात. मुख्य दारात पंखा बसवून घरात ५० पास्कलचा दाबाचा फरक तयार करतात आणि तासाला घरातली हवा किती वेळा बदलते ते मोजतात. पॅसिव्ह हाउसला (म्हणजे फार कमी ऊर्जेत चालणारं घर, पहिलं १९९१ मध्ये जर्मनीत डार्मस्टाटला झालं) ही संख्या ०.६ च्या आत लागते. जुन्या घरासाठी त्यांचंच एनरफिट नावाचं वेगळं मानक आहे, तिथे १.० पर्यंत चालतं, कारण जुन्या घरात सगळंच जमत नाही हे त्यांनीही मान्य केलंय. यंत्र नसेल तर वारा असलेल्या दिवशी धूर सोडणारी काडी फटींपाशी फिरवली तरी बरंच कळतं.

दंव

धुकं, सगळं मान्य, पण फटी बुजवा म्हणताना पुढचं वाक्य लगेच लिहायला पाहिजे असं मला कळकळीने वाटतं. घर बंद केलं की हवेची सोय करावीच लागते.

चार माणसांच्या घरात श्वास, स्वयंपाक, आंघोळ, आत वाळत घातलेले कपडे मिळून दिवसाला ८-१० लिटर पाणी हवेत जातं. आधी ते फटींतून जात होतं. फटी बुजवल्या आणि दुसरी वाट दिली नाही तर ते पाणी सगळ्यात गार जागा शोधतं, खिडकीचा कोपरा, कपाटामागची बाहेरची भिंत, बीमचा कोना. २५ डिग्री आणि ६० टक्के आर्द्रता असलेल्या हवेचा दवबिंदू जवळपास १७ डिग्री असतो, भिंतीचा कोपरा त्याच्या खाली गेला की पाणी जमलंच. बुरशीला तर पाणी दिसायचीपण गरज नसते, पृष्ठभागाजवळची हवा बरेच दिवस ८० टक्क्यांच्या वर दमट राहिली तरी ती धरते. लहान मुलं आणि दम्याचे पेशंट असलेल्या घरात हा प्रश्न बिलापेक्षा मोठा आहे.

स्वयंपाकघर आणि बाथरूमला बाहेर सोडणारे एक्झॉस्ट पंखे, आणि बाकी खोल्यांत ताजी हवा यायला ठरवून ठेवलेली वाट. थंड प्रदेशात उष्णता परत घेणारं व्हेंटिलेशन मिळतं, बाहेर जाणारी गरम हवा आत येणाऱ्या गार हवेला तापवून जाते.

आणि घरात गॅसचा गीझर, शेगडी, लाकडाची चूल, काहीही जळत असेल तर आधी ते बघा मग फटी. हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड होतो, त्याला वास नाही, रंग नाही. बंद बाथरूममध्ये गॅस गीझर ठेवून फटी बुजवणं म्हणजे जिवाशी खेळ आहे. डिटेक्टर लावा.

कौलारू

आमच्याकडे दगडी भिंतीचं, चुन्याच्या गिलाव्याचं जुनं घर आहे. त्याला वर लिहिलेलं सगळं जसंच्या तसं लागू होत नाही म्हणून लिहितोय. जुनी भिंत पाणी पिते आणि सोडते. पावसात ओलसर होते, ऊन पडलं की वाळते, चुना त्यासाठीच असतो. तिच्यावर सिमेंटचं प्लास्टर आणि वर प्लॅस्टिक पेंट मारला की पाणी तडे गेलेल्या जागेतून आत तर जातं पण बाहेर येत नाही, मग पोपडे, क्षार, आणि लाकडी तुळयांची भिंतीतली टोकं कुजतात. ओली भिंत कोरड्या भिंतीपेक्षा उष्णतापण जास्त सोडते, म्हणजे नुसती ओल काढली तरी घर उबदार होतं.

आतून इन्सुलेशन करायचं असेल तर जास्तच जपून. आतून फोम लावला की मूळ भिंत थंडीत आधीपेक्षा गार पडते आणि आतली वाफ फोमच्या मागे जाऊन भिंतीवर पाणी होते. अशा भिंतीला लाकडी तंतूंचे बोर्ड, चुना मिसळलेलं हेम्प (भांगेच्या जातीच्या झाडाचा भुसा), कॅल्शियम सिलिकेट असलं वाफ जाऊ देणारं मटेरियल लावतात, आणि पातळच लावतात.

भिंगरी

म्हणजे प्लॅस्टिकचा कागद लावून वाफ अडवली तर? व्हेपर बॅरियर म्हणतात तो.

कौलारू

कुठल्या बाजूला लावणार हा प्रश्न आहे. थंड हवामानात वाफ आतून बाहेर जाते म्हणून कागद आतल्या बाजूला. उष्ण दमट हवामानात एसी चालू असला की वाफ बाहेरून आत यायला बघते, तिथे आत लावलेला कागद म्हणजे पाणी साठवायची पिशवी. दोन्ही ऋतू असतील तर कागदाच्या नादाला न लागता भिंत दोन्हीकडे वाळू शकेल असं बघावं. कुणी हवामान न विचारता एकच पद्धत सगळीकडे लावा म्हणत असेल तर दोन हात लांब राहा.

फेज_न्यूट्रल

मी इलेक्ट्रिकची कामं करतो. सगळे उष्णतेवर लिहितायत, मला सेफ्टीवर लिहायचंय आणि कृपया हे न वाचता पुढे जाऊ नका.

ऑस्ट्रेलियात २००९ मध्ये सरकारने घरांच्या छताखाली इन्सुलेशन घालायला मोठी योजना काढली. हेतू एकदम चांगला होता. घाईघाईत शिकवलेली पोरं माळ्यावर चढवली गेली आणि चार तरुण कामगार गेले, तिघे विजेच्या धक्क्याने आणि एक माळ्यावरच्या उष्णतेने. चमकदार फॉइल धातूच्या स्टेपलने ठोकताना वायरमध्ये स्टेपल गेला आणि अख्खी फॉइल लाइव्ह झाली. फेब्रुवारी २०१० मध्ये योजना बंद करावी लागली आणि पुढे चौकशी आयोग बसला. ती पोरं आपल्यासारख्या कुणाच्यातरी घराचं बिल कमी करायला वर गेली होती. म्हणून म्हणतो, माळ्यावर किंवा फॉल्स सीलिंगमध्ये काम असेल तर मेन स्विच बंद, आणि सकाळच्या वेळातच माणूस वर जाईल.

दुसरं, वायर. उघड्यावर असलेली वायर तिची उष्णता हवेत सोडते. तीच वायर इन्सुलेशनखाली पुरली की तापते, तिची करंट न्यायची ताकद कमी धरावी लागते. जुनं वायरिंग असेल तर आधी ते तपासा, जमल्यास बदला, मग इन्सुलेशन. छतात बसवलेल्या दिव्यांवर इन्सुलेशन कधीच पसरू नका, त्या दिव्यावर तसं चालेल असं लिहिलेलं नसेल तर.

तिसरं, आग. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरचं नूतनीकरण २०१६ मध्ये पूर्ण झालं, बाहेरून इन्सुलेशन आणि वर अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यांमध्ये पॉलिथिन असलेलं क्लॅडिंग. १४ जून २०१७ ला आग लागली आणि बाहेरच्या त्याच आवरणावरून वर चढली, ७२ माणसं गेली. उंच इमारतीला बाहेरून काही लावायचं म्हणत असतील तर सोसायटीच्या मीटिंगमध्ये पहिला प्रश्न हाच विचारा, हे जळतं का? मिनरल वूल, म्हणजे दगडाची किंवा काचेची लोकर, जळत नाही. फोम जळतात. फोम वापरायचाच तर काँक्रीटखाली किंवा प्लास्टरखाली पूर्ण झाकलेला हवा, आणि मजल्यामजल्यावर न जळणारे अडथळे हवेत.

आणि जुने सिमेंटचे पत्रे अ‍ॅस्बेस्टॉसचे असू शकतात. त्यांना ड्रिल नाही, घासायचं नाही, तोडायचं नाही.

गच्चीखाली

फेज_न्यूट्रल, मनापासून आभार. आमच्या सोसायटीत क्लॅडिंगची चर्चा चालू आहे, तुमचा प्रतिसाद मी जसाच्या तसा तिथे वाचून दाखवणार आहे.

मला एक विचारायचं होतं, आतल्या भिंतीला लावायचा उष्णतारोधक पेंट मिळतो, त्यात सिरॅमिकचे कण असतात आणि जाहिरातीत तो दहा सेंटीमीटर इन्सुलेशनच्या तोडीचा आहे असं असतं. आणि फॉइल?

कवडसा

आतल्या भिंतीला तो पेंट नको. पेंटचा थर मिलिमीटरपेक्षाही पातळ असतो, त्यात कुठलेही कण घातले तरी एवढ्या जाडीत उष्णता अडत नाही. बाहेरून उन्हात लावलेला पांढरा परावर्तक पेंट काम करतो ते ऊन परतवून, अडवून नाही. दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि विकणारे मुद्दाम त्या एकत्र करतात.

फॉइल काम करतं, पण तिच्या चमकदार बाजूसमोर मोकळी हवेची पोकळी असेल तरच. पत्र्याच्या किंवा कौलाच्या छताखाली थोडं अंतर सोडून, चमकदार बाजू खाली करून ताणली तर छान, कारण खालच्या बाजूवर धूळ बसत नाही. दोन थरांमध्ये चिकटवून टाकली तर ती नुसता धातूचा कागद.

मोजमाप

वाचतोय, फार चांगली चर्चा चाललीय. माझी एकच विनंती, काहीही करायच्या आधी मोजा.

मागच्या दोन-तीन वर्षांची बिलं काढून युनिट महिन्यावार लिहा, रुपये नाही युनिट, कारण दर बदलतात. एक साधं तापमान-आर्द्रतेचं यंत्र घरात ठेवून आठवडाभर सकाळ-दुपार-रात्र नोंदी घ्या. प्लगमध्ये लावायचं वीज मोजायचं यंत्र मिळतं, त्याने फ्रिज, जुना टीव्ही, राउटर, सेट टॉप बॉक्स मोजा, चोवीस तास चालू असलेली एखादी गोष्ट बिलातला चांगला मोठा भाग खात असते.

आणि बचतीचा जो आकडा कंत्राटदार सांगतो त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. २०१२ मध्ये मिना सुनिक्का-ब्लँक आणि रे गॅल्विन यांनी जर्मनीतल्या घरांचा अभ्यास मांडला, त्यात लोक कागदावरच्या हिशोबापेक्षा सरासरी ३० टक्के कमीच ऊर्जा वापरत होते. म्हणजे घर वाईट असलं की लोक आधीच काटकसर करतात, एक खोली गरम करतात, स्वेटर घालून बसतात. जे वापरलंच नाही ते वाचणार कसं? त्यामुळे नंतर बिल अपेक्षेएवढं उतरत नाही. याचा अर्थ काम फुकट गेलं असा मी काढत नाही, आधी जी आजी पहाटे कुडकुडत होती ती आता नीट झोपते, हा फायदा बिलात दिसत नाही पण माझ्या लेखी तो पहिला आहे.

थर्मल कॅमेरा भाड्याने मिळाला तर घ्या, पण आत-बाहेर निदान १० डिग्री फरक असताना वापरा, आणि चकचकीत पृष्ठभागावरचा आकडा खरा धरू नका.

भिंगरी

ठीक आहे, सोलर नंतर, पटलं. मग यंत्रांपैकी आधी काय?

मोजमाप

पंखे. जुना पंखा ७०-८० वॅट, बीएलडीसी ३० च्या आसपास, आणि पंखा दिवसाला पंधरा-पंधरा तास चालतो. शिवाय वाऱ्याने अंगाला दोन-तीन डिग्री गार वाटतं, तेवढा एसी वर ठेवता येतो. खोलीत कुणी नसताना मात्र पंखा बंद, तो माणसाला गार करतो, खोलीला नाही.

मग पाणी तापवणं. टाकीच्या गीझरमधून दिवसभर उष्णता निसटत असते, पाइपांना फोमची नळी घाला, लांबचा नळ असेल तर गरम पाणी यायच्या आधीचं सगळं पाणी वाया जातं तेही बघा. तापमान खूप खाली आणायच्या मोहात पडू नका, साठवलेल्या कोमट पाण्यात लिजिओनेला जिवाणू वाढतात, टाकीत ६० डिग्री ठेवायला सांगतात ते त्यासाठी. हीट पंप परवडला तर एक युनिट विजेत तीन युनिटांएवढी उष्णता देतो कारण तो उष्णता बनवत नाही, बाहेरच्या हवेतून ओढून आणतो.

धुकं

हीट पंपबद्दल एक भर. घर तापवायला लावणार असाल तर तो कमी तापमानाच्या पाण्यावर चांगला चालतो. फटी-छत केलेल्या घरात ४५ डिग्रीचं पाणी पुरतं, गळक्या घरात त्याला ६० वर पळवावं लागतं आणि तिथे त्याची सगळी हुशारी संपते. परत तेच, आधी घर.

गच्चीखाली

सगळ्यांचे आभार, माझं बऱ्यापैकी ठरलंय. आधी वायरिंग तपासणी, मग गच्चीवर इन्सुलेशन आणि वर पांढऱ्या टाइल्सचे तुकडे, मग पश्चिमेला बाहेरचा आडोसा आणि वेल, एक्झॉस्ट पंखे, खिडक्यांना फक्त पट्ट्या, काचा बदलायच्या नाहीत. एसी यंदा नाही, पुढच्या उन्हाळ्यात खोली कशी राहते ते बघून.

गच्चीवर मातीची बाग पण करावी असं घरी म्हणतायत. आणि थर टाकताना अजून काय बघायचं?

कवडसा

बागेआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा. १५ सेंटीमीटर ओली माती म्हणजे दर चौरस मीटरला २५० ते ३०० किलो, जुन्या स्लॅबवर हे असंच टाकायचं वजन नाही.

थराचा क्रम असा, स्लॅब, उतार, वॉटरप्रूफिंग, त्यावर एक्सपीएसचे (दाट, बंद कप्प्यांच्या फोमचे) बोर्ड, वर संरक्षणाचा थर आणि टाइल्स. साधा थर्माकोल इथे नको, वॉटरप्रूफिंगच्या वर पाण्यात राहायचं असेल तर पाणी न पिणारा एक्सपीएसच लागतो. सोलरचे स्टँड नंतर बसवणार असाल तर त्यांचे पाय आत्ताच स्लॅबवर करून घ्या, नंतर सगळं फोडून भोकं पाडावी लागतील. गच्चीची पातळी १० सेंटीमीटर तरी वर येणार, म्हणजे कठडा तेवढा बुटका होतो, मुलं खेळत असतील तर वर रेलिंग वाढवा. गच्चीच्या दाराचा उंबरापण बघा, पातळी त्याच्या वर गेली तर पावसाचं पाणी जिन्यात येईल. कठड्याच्या आतल्या बाजूने बोर्ड थोडे वर चढवून घ्या, नाहीतर कठड्यातून उष्णता स्लॅबच्या कडेला उतरत राहते. पाणी जायच्या तोंडांभोवती बोर्ड नीट कापून जाळी बसवा.

आणि वॉटरप्रूफिंग झालं की बोर्ड टाकायच्या आधी गच्चीवर पाणी भरून दोन दिवस तसंच ठेवा आणि खाली येऊन प्रत्येक खोलीचं छत बघा. बोर्ड आणि टाइल्स बसल्यावर गळती निघाली तर ती कुठून येतेय ते शोधता येत नाही. ही टेस्ट होईपर्यंत कंत्राटदाराला बोर्डाची गाडी आणूच देऊ नका.